जॅझ-रॉक लाइव्ह ऐकताना सम कुठं शोधायची

बाबांचा पर्वतीचा ग्रुप आहे. रोज सकाळी सहाला पायऱ्या चढणारे सात-आठ जण, सगळे सत्तरीच्या आसपासचे, सगळे सवाईचे जुने लोक, रमणबागेत सतरंजीवर बसून रात्री जागवलेले. बाबा लंडनहून परत आल्यावर त्यांना बोलले की तिकडं जॅझ-रॉक वाजवणारा एक इंग्लिश बँड ऐकला, सॉफ्ट मशीन नावाचा, आणि मला फार आवडला. तेव्हापासून ते सगळे मला रस्त्यात थांबवून विचारतायत, अगं तुझ्या बाबांना गिटार आणि ड्रममध्ये नेमकं काय सापडलं? त्यातले एक काका चाळीस वर्षं तबला शिकवायचे, त्यांचे प्रश्न सगळ्यात अवघड असतात, पायरीवर उभं राहून उत्तर देता येत नाही. म्हणून म्हणलं एकदा बसून सगळं लिहूनच काढते, ज्यांना हे म्युझिक कधी कळलंच नाही असं वाटतं त्यांनाही उपयोग होईल.

दादा तिकडं राहतो, बाबा त्याच्याकडं महिनाभर गेले होते आणि माझंही ऑफिसचं काम नेमकं त्याच आठवड्यात निघालं. क्लब छोटा होता, शंभर-सव्वाशे खुर्च्या, स्टेज आपल्या एखाद्या मंगल कार्यालयातल्या स्टेजपेक्षा लहान, आणि आम्ही दुसऱ्या रांगेत. चारच माणसं वाजवत होती. गिटारवर जॉन एथरिज, ज्यांचा जन्म 1948 चा, म्हणजे बाबांच्या पिढीचे. सॅक्सोफोन, बासरी आणि इलेक्ट्रिक पियानोवर थिओ ट्रॅव्हिस, बास गिटारवर फ्रेड बेकर आणि ड्रमवर असाफ सरकिस.

पहिल्याच पीसला दोन मिनिटांत बाबांचा उजवा हात मांडीवर सुरू झाला, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला आणि ते माझ्याकडं वळून म्हणाले, "सात आहे गं." मी पण मोजलं. सातच होते.

आता आधी थोडा इतिहास, फार नाही. जॅझमध्ये एक मोठं वळण 1959 च्या आसपास आलं, माइल्स डेव्हिस आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी दर दोन सेकंदांनी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, बदलायचं सोडून एकाच स्वरसमूहावर बराच वेळ राहायला सुरुवात केली. त्याला मोडल जॅझ म्हणतात. आपल्या कानाला जॅझमधलं हेच सगळ्यात पटकन लागतं, कारण एकाच स्वरसमूहात राहून त्यातून एकेक गोष्ट काढत जाणं हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. पुढं 1969 च्या ऑगस्टमध्ये त्याच माइल्सनी इलेक्ट्रिक पियानो, इलेक्ट्रिक गिटार, दोन-दोन ड्रमर असं सगळं घेऊन रेकॉर्डिंग केलं, ते 1970 मध्ये बिचेस ब्रू या नावानं आलं. त्यात गिटारवर जॉन मॅकलॉफलिन होते. त्यांनी 1971 मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला आणि त्यानंतर तबल्यावर झाकीरभाई, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम यांच्याबरोबर शक्ती. झाकीरभाई डिसेंबर 2024 मध्ये गेले, आमच्या घरात दोन दिवस दुसरं काही लागलं नाही. सांगायचा मुद्दा हा की हे म्युझिक आपल्यापासून वाटतं तितकं लांब कधीच नव्हतं.

इंग्लंडमध्ये मात्र ही गोष्ट थोडी वेगळ्या बाजूनं घडली. तिथं जॅझवाले रॉककडे आले त्यापेक्षा रॉकवाली पोरं जॅझकडे जास्त गेली. सॉफ्ट मशीन 1966 मध्ये कँटरबरीच्या मित्रमंडळींमधून सुरू झाला, 1968 मध्ये ते जिमी हेंड्रिक्सबरोबर अमेरिकाभर फिरले, तेव्हा गाणी म्हणायचे. मग गाणी लांबायला लागली, शब्द कमी व्हायला लागले आणि 1970 च्या थर्ड या डबल अल्बममध्ये चार बाजूंना मिळून चारच पीस, प्रत्येक पीस एक अख्खी बाजू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात, रॉयल अल्बर्ट हॉलला, जिथं सिंफनी चालते तिथं ते वाजले. रॉक बँडला त्या महोत्सवात पहिल्यांदाच जागा मिळाली होती. सवाईच्या मांडवात एखादा इलेक्ट्रिक गिटारवाला बसवला तर काय वाटेल, साधारण तसं.

असो, आता मुख्य गोष्ट. तबलेवाल्या काकांचा पहिला प्रश्न होता की तिथं ठेका कोण धरतं. माझं उत्तर असं की तुम्ही ठेका शोधू नका, लेहरा शोधा. तबला सोलो चालू असतो तेव्हा पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच लेहरा, म्हणजे एका आवर्तनाची छोटी धून, तासभर वाजवतो, त्याच्या जिवावर तबलजी कुठंही जाऊन येऊ शकतो, कारण लेहरा म्हणजे रस्ता, तो हलत नाही. जॅझ-रॉकमध्ये हे काम बास गिटार करतं. बासवर एक छोटं वाक्य असतं, त्याला रिफ म्हणतात, ते फिरून फिरून येत राहतं आणि त्यावर ड्रमर, गिटारवाला, सॅक्सवाला सगळे मोकळे होतात. लोक लाइव्ह गेले की गिटारच्या बोटांकडं बघतात आणि पाच मिनिटांत हरवतात. तसं नका करू. आधी बासवाल्याकडं बघा. त्याचं वाक्य पाठ झालं की बाकी सगळं आपोआप जागेवर बसायला लागतं, बाबांनी नेमकं हेच केलं आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग सात मात्रांत एवढं विशेष काय, आपला रूपक ताल पण सातच ना? हो, पण रॉकचा ड्रमर जे करतो ते रूपकात होत नाही आणि ते समजलं की मजा कळते. साधं रॉक गाणं घ्या, चार मात्रा. एकला बूम, दोनला छक, तीनला बूम, चारला छक. पाय आणि टाळी, पाय आणि टाळी, आपण सगळे गणपतीत असंच नाचतो. आता हेच सातात करून बघा, मोठ्यानं म्हणा. बूम छक बूम छक बूम छक बूम, झाले सात. पुढचं आवर्तन सुरू झालं तर आता काय येणार? सातवीला बूम आलाय, म्हणजे त्याच चालीनं गेलं तर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, छक येणार! पहिल्या आवर्तनात समेवर पाय होता, दुसऱ्यात समेवर टाळी, सगळं उलटं, आणि चौदा मात्रा पूर्ण झाल्या की परत सुलटं. ड्रमरपुढं दोन रस्ते असतात, एक तर दर सातव्या मात्रेला एक पाऊल गाळल्यासारखं करून समेवर परत पाय टाकायचा, त्यानं ती चाल थोडी लंगडते आणि ती लंगड ऐकायला भारी वाटते, किंवा तसंच उलटसुलट चालू द्यायचं आणि दोन आवर्तनांनी घरी यायचं. चांगला ड्रमर एकाच पीसमध्ये दोन्ही करतो. हे घरी बसून मांडीवर करून बघा खरंच, वाचून कळणार नाही.

सरकिसबद्दल एक गोष्ट काकांना फार आवडली. हा ड्रमर कर्नाटकी कोन्नकोल करतो, म्हणजे तोंडानं बोल म्हणायची पद्धत. सात म्हणजे तकिट तकधिमि, तीन आणि चार. तिकडचा माणूस आकडे मोजत नाहीये, बोल म्हणतोय, हे ऐकून काका पायरीवर थांबले आणि म्हणाले, मग त्याला सम चुकायची भीती नाही. माझ्या लहानपणीच्या तबल्याच्या क्लासमध्ये पण हेच होतं, आकडे पाठ केले की हात घाबरतो, बोल पाठ केले की हात चालतो.

पण बाबा पण हरवले हां, तिसऱ्या पीसला. अंगठा थांबला, दोन-तीनदा परत सुरू करून बघितला, मग माझ्या कानात म्हणाले, "सम कुठं गेली?" हा खरा फरक आहे आणि तो समजावून घ्यायलाच हवा. आपल्याकडं बंदिश एकदा दहा मात्रांच्या झपतालात धरली की ती झपतालातच राहते. यांच्याकडं तसा नियम नाही. सात, सात, सात आणि मग एकदम पाच असं येऊ शकतं. अंगठा आठ पेरांवरून फिरवा नाहीतर दहा, बसणारच नाही, कारण ते चार तुकडे मिळून एक वाक्य आहे, सव्वीस मात्रांचं. म्हणजे आवर्तन मोजायचं सोडून वाक्य लक्षात ठेवायचं. वाक्याचा पहिला स्वर म्हणजे सम. मी बाबांना एवढंच सांगितलं की मोजू नका, ती बासची ओळ मनात गुणगुणा, आणि तीन-चार फेऱ्यांनंतर त्यांची मान बरोबर जागेवर हलली.

याच्याही पुढची एक गंमत असते, दोघं जण एकाच वेळी वेगवेगळ्या मात्रांचं वाजवतात. एक पाचाचं वाक्य फिरवतोय, दुसरा सातांचं. सुरुवातीला दोघं एकत्र निघतात, लगेच सुटतात, मग ऐकणाऱ्याला वाटतं की गोंधळ झाला, कुणीतरी चुकलं. कुणीही चुकलेलं नसतं. शाळेतला लसावि आठवा, पाच आणि सातचा लसावि पस्तीस, म्हणजे पस्तिसाव्या मात्रेला दोघांची वाक्यं एकदमच संपणार आणि छत्तिसावीला दोघं परत एकत्र. किंग क्रिमसन नावाच्या बँडनं 1981 मध्ये दोन गिटारांचं असं विणकाम फार सुंदर केलंय. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला एकच तुकडा, समेवर पडते तेव्हा आपल्या अंगावर जे येतं तेच इथं येतं, फक्त ते दोघांचं मिळून असतं. आणि हे लाइव्हच बघायला पाहिजे, कारण ते सुटलेले असताना एकमेकांकडं बघतात आणि भेटायच्या आधी एक सेकंद दोघांच्या चेहऱ्यावर दिसतं की आता घर आलं.

बाबांची दुसरी अडचण सुराची होती. तानपुरा नाही, मग सा कुठला? काही पीसमध्ये सा एकच राहतो, तिथं त्यांना त्रास झाला नाही. पण जिथं कॉर्ड बदलतात तिथं पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी एक करून बघा. उजव्या हातानं ग आणि प धरून ठेवा. डाव्या हातानं खाली सा लावा, ऐका, स्वच्छ उजेड पडल्यासारखं वाटेल. आता वरचे दोन स्वर न सोडता खाली सा ऐवजी मंद्र धैवत, म्हणजे खालच्या सप्तकातला ध, लावा. तेच ग आणि प, पण एकदम संध्याकाळ झाली. वरचं काहीच बदललं नाही, फक्त खालची जमीन बदलली. बासवाला हेच करतो. सोलो वाजवणारा एकाच जागी उभा असतो आणि बासवाला त्याच्याखालून गालिचे बदलत असतो. मला वाटतं आपल्या रागसंगीतवाल्या कानाला ही एकच गोष्ट नव्यानं शिकावी लागते, बाकीचं सगळं आपल्याकडं आधीपासून आहे.

रचना कशी असते ते पटकन सांगते, ते सोपं आहे. सुरुवातीला बांधलेली धून सगळे मिळून वाजवतात, तिला हेड म्हणतात. मग एकेकाचा सोलो, तो तिथंच जागेवर सुचलेला. शेवटी परत हेड. म्हणजे बंदिश, विस्तार आणि परत मुखडा. सोलो किती वेळ चालणार हे बऱ्याचदा आधी ठरलेलं नसतं. एथरिज यांचा एक सोलो वाढत वाढत गेला, मग त्यांनी मान किंचित वर केली, बस्स, एवढंच, आणि चौघं एकाच क्षणी हेडवर उतरले. बाबांना ते इतकं आवडलं की ते मोठ्यानं "वाह!" म्हणाले, सवाईत म्हणतात तसं. शेजारच्या बाई वळून हसल्या, छान हसल्या. तिथं सोलो संपला की टाळ्या वाजवायची पद्धत आहे, पीस चालू असला तरी, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या याची काळजी करू नका, आवडलं की वाजवा.

आवाजाचं पण सांगायला हवं, कारण ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं की गिटारचा तो करकरीत आवाज सहन होत नाही. तो आवाज हौस म्हणून आलेला नाही. साध्या गिटारची तार छेडली की स्वर लगेच विरतो, सॅक्सोफोन किंवा गळ्यासारखा लांबवता येत नाही. अँप्लिफायरला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त सिग्नल दिला की आवाजाचा मोठा भाग वरून कापला जातो, बारीक भाग मात्र मोठा होऊन येतो, म्हणून स्वर विरताना पण बराच वेळ तेवढाच भरलेला वाटतो. आता त्या लांब स्वरावर तार ओढून मींड घेता येते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, गळ्यासारखं गाता येतं. सॉफ्ट मशीनचे पहिले ऑर्गनवाले माइक रॅटलेज यांनी तर हे ऑर्गनला केलं, ऑर्गन फझ बॉक्समधून, म्हणजे आवाज असा करकरीत करणाऱ्या डब्यातून, काढला आणि तो गिटारसारखा ओरडायला लागला, त्या बँडची ओळखच ती झाली. तरी क्लब छोटा असेल तर कानात घालायचे फोमचे बोळे घेऊन जा, मी बाबांसाठी नेले होते, त्यानं थोडे बारकावे दबतात, पण ड्रमची झांज बोचत नाही.

एक जोड अशी आहे जी मला स्वतःला फार जवळची वाटते. थर्ड अल्बममध्ये टेपचे तुकडे गोल फिरवून केलेले भाग आहेत, एकच छोटी आकृती फिरत फिरत हळूहळू बदलते. हे त्यांनी अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या कामावरून घेतलं. तेच रायली 1970 मध्ये पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले, आणि प्राणनाथ म्हणजे किराणा घराणं, उस्ताद अब्दुल वाहिद खाँसाहेबांचे शिष्य. आता याचा अर्थ सॉफ्ट मशीनमध्ये किराणा वाजतं असं अजिबात नाही, त्यांनी रायलींकडून घेतलं ते आधीचं होतं. पण ज्या माणसाचे कान असे फिरणाऱ्या स्वरांत रमले होते त्याला पुढं नेमकं किराण्याचं दार सापडावं, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आता तबलेवाल्या काकांचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांना कळलं की त्या रात्री वाजवणाऱ्या चौघांत 1966 चा एकही माणूस नव्हता. मग ते म्हणाले, मग तो बँड तोच कसा, पाटी तीच ठेवली म्हणून? बघा, सुरुवातीचे बासवाले केविन एअर्स 1968 मध्ये बँड सोडून गेले, ड्रमर रॉबर्ट वायट 1971 मध्ये बाहेर पडले, मूळ मंडळींतले शेवटचे रॅटलेज 1976 मध्ये. पण जॉन मार्शल 1972 मध्ये ड्रमवर आले तेव्हा रॅटलेज तिथं होते, त्यांच्याबरोबर त्यांनी वाजवलं. एथरिज 1975 मध्ये ॲलन होल्ड्सवर्थ यांच्या जागी आले, तेव्हाही रॅटलेज होतेच आणि मार्शल होते. ट्रॅव्हिस 2006 पासून या मंडळींबरोबर आहेत, आधीचे सॅक्सवाले एल्टन डीन गेले त्यांच्या जागी. मार्शल 2023 च्या सप्टेंबरमध्ये वारले, त्यांच्या जागेवर आता सरकिस. म्हणजे मधली साखळी कुठंच तुटलेली नाही, प्रत्येक नवा माणूस जुन्या माणसाशेजारी बसून, त्याचं ऐकत, त्याच्याबरोबर समेवर येत तयार झालाय. मी काकांना विचारलं, सवाई गंधर्व तरी कुठं अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा घेऊन आले होते आणि भीमसेनजी सवाई गंधर्वांचा? तरी आपण तिघांनाही किराणाच म्हणतो ना. काका म्हणाले, म्हणजे बँड नाही, घराणं आहे. मी म्हणलं हो, आणि त्या रात्री दुसऱ्या रांगेत बसून बाबांनी मला हेच सांगितलं होतं, एथरिज यांच्याकडं बघत, हे आता खलिफा, म्हणजे घराण्याचे प्रमुख, आहेत म्हणून.

यूट्यूबवर पण हे सगळं आहे आणि मी ते ऐकतेच, पण मान वर होते ती, बासवाला डोळे मिटतो ती जागा, ड्रमर ओठांत बोल पुटपुटतो ते, हे स्पीकरमधून येत नाही. कोरेगाव पार्कात, बाणेरला अधूनमधून तरुण पोरं असं म्युझिक लाइव्ह वाजवतात, तिकीट महाग नसतं, जाऊन ऐकावं असं माझं मनापासून सांगणं आहे, आणि पुढच्या रांगेत बासवाल्यासमोर बसावं.

तोपर्यंत पर्वती ग्रुपचं ठरलंय. येत्या रविवारी पाच वाजता सगळे आमच्याकडं येतायत, थर्डची पहिली बाजू ऐकायची, साधारण एकोणीस मिनिटं. बाबांनी अट घातलीय की पहिल्या फेरीला कुणी मध्ये बोलायचं नाही. काका डग्गा-तबला घेऊन येणार आहेत, दुसऱ्या फेरीला बासच्या ओळीवर हात ठेवून बघतो म्हणाले.